आतून जायचं की बाहेरून? आधी इनलेट बघा

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही नवरा-बायको दोघंच, ३६ फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), ड्राफ्ट (बोट पाण्याखाली जेवढी खोल जाते तो) साडेपाच फूट, मास्ट म्हणजे डोलकाठी अँटेना धरून ५४ फूट. ऑक्टोबरच्या शेवटी व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून निघून फ्लोरिडात फोर्ट पियर्सला जायचंय. चेसापीक बेमध्ये बरंच सेलिंग केलंय पण रात्रभर समुद्रात कधी राहिलेलो नाही. मरीनात विचारलं तर अर्धे म्हणतात इंट्राकोस्टल (किनाऱ्याच्या आतून नद्या-कालव्यांतून जाणारा जलमार्ग) म्हणजे नुसतं इंजिन चालवत बसणं, बाहेरून जा, आणि अर्धे म्हणतात केप हॅटेरसचं नावच काढू नका, शेवटपर्यंत आतून जा. आम्ही कोणाचं ऐकायचं?

उत्तर : नमस्कार. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ऐका, कारण हा प्रश्न एकदाच सुटणारा नाहीये, जवळपास हजार मैलांच्या वाटेत तो पाच-सहा वेळा नव्याने पडतो आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येऊ शकतं. लोक वाद घालतात तो आतलं पाणी चांगलं की बाहेरचा समुद्र चांगला यावर. माझं म्हणणं असं की निर्णय खरं तर इनलेटवर ठरतो, म्हणजे ज्या तोंडातून बाहेर पडायचं आणि ज्या तोंडातून परत आत शिरायचं ती दोन तोंडं कशी आहेत, तिथे पोचाल तेव्हा भरती असेल की ओहोटी, उजेड असेल का. मधला समुद्र हा बहुतेक वेळा सोपा भाग असतो. बोटी अडचणीत येतात त्या किनाऱ्याजवळ, वाळूच्या दांड्यावर, दमलेल्या माणसांनी घाई केल्यावर.

पहिला टप्पा नॉरफोक ते नॉर्थ कॅरोलिनातलं बोफर्ट. इथे मला काही शंका नाही, आतून जा. चेसापीकचं तोंड सोडलं की केप लुकआउटपर्यंत मध्ये भरवशाने शिरता येईल अशी जागा नाही, ऑरेगन इनलेट नकाशावर दिसतो पण तिथली वाळू सतत सरकते आणि वारा बिघडल्यावर तर तिकडे बघायचंसुद्धा नाही. शिवाय हॅटेरसपाशी डायमंड शोल्स (उथळ वाळूचे पट्टे) लांबवर पसरलेत आणि गल्फ स्ट्रीम किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो, म्हणजे उथळ आणि प्रवाह यांच्यामध्ये तुम्ही चेपले जाता. गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे वाहतो, कधी तीन-चार नॉटने (तासाला तेवढे सागरी मैल), आणि त्याच्यावर समोरून उत्तरेचा वारा आला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. नोव्हेंबरात उत्तरेचा वारा हा नेहमीचाच पाहुणा. पहिल्या रात्रीच्या सफरीसाठी हा टप्पा निवडू नये, अनुभवी क्रूसुद्धा इथे हवामान बघत दिवसच्या दिवस थांबतात.

आतून हेच अंतर २०४ मैल, आणि लक्षात ठेवा इंट्राकोस्टलवरचे मैल जमिनीवरचे असतात, सागरी नाहीत, म्हणून प्लॉटरवर (बोटीवरच्या नकाशा दाखवणाऱ्या यंत्रावर) काय सेट केलंय ते एकदा बघा नाहीतर हिशोब चुकतो. नॉरफोकच्या पुढे दोन फाटे आहेत, डिस्मल स्वॅम्प कॅनॉल सुंदर आहे, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, दोन्हीकडून झाडी, पण खोली कमी आणि पाण्यात ओंडके, साडेपाच फूट ड्राफ्टला मी ग्रेट ब्रिज लॉकवाला व्हर्जिनिया कट (खणलेला कालवा) घेईन. आल्बेमार्ल साउंड (रुंद खाडी) मात्र आतला म्हणून हलक्यात घेऊ नका, उथळ आहे आणि म्हणूनच थोड्या वाऱ्यातही आखूड, टोकदार लाटा उठतात, एका बाजूने सुकाणू सांभाळणारा भिजून जातो. पुढे अ‍ॅलिगेटर नदीवरचा फिरता पूल जोरदार वाऱ्यात उघडत नाही, म्हणजे साउंड ओलांडून आलात आणि पूल बंद, असं व्हायला नको. त्या दिवशी सकाळी लवकर निघा आणि वारा १५ नॉटच्या आत असेल तरच निघा.

बोफर्टला पोचलात की पहिल्यांदा खरा पर्याय हातात येतो. बोफर्ट इनलेट रुंद, खोल, मोठ्या जहाजांचा, दिवे असलेला. तिथून मॅसनबोरो इनलेट ६०-६५ सागरी मैल, आणि मॅसनबोरोला दोन्ही बाजूंनी दगडी जेटी (समुद्रात गेलेले बांध) आहेत. आतून गेलात तर कॅम्प लेज्यून या लष्करी तळाच्या फायरिंग रेंजमधून जावं लागतं, गोळीबार चालू असला की वाहतूक थांबवतात, पूल ठरलेल्या वेळेला उघडतात आणि ब्राउन्स इनलेटजवळ गाळ साचलेला असतो. वायव्येचा वारा, १०-१५ नॉट, असा दिवस मिळाला तर बाहेरून जा, किनाऱ्याच्या आडोशाने समुद्र सपाट मिळतो आणि शिडं लावून चालता येतं. फक्त पहाटे अंधारात निघावं लागेल कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की संध्याकाळी पाचच्या सुमारास उजेड जातो. हा टप्पा मी तुमच्या समुद्राच्या सरावासाठी सुचवतोय, दिवसाच्या आत संपणारा, एका चांगल्या तोंडातून दुसऱ्या चांगल्या तोंडात.

मॅसनबोरोनंतर परत आत, स्नोज कटमधून केप फिअर नदीत उतरायचं आणि साउथपोर्ट. हे अशासाठी की केप फिअरच्या बाहेर फ्राइंग पॅन शोल्स २० मैलांहून जास्त समुद्रात घुसलेत, त्यांना वळसा घालण्यापेक्षा नदी बरी. नदीत ओहोटी धरून उतरा, भरतीच्या विरुद्ध गेलात तर अर्धा दिवस तिथेच जातो.

साउथपोर्टच्या पुढे लॉकवूड्स फॉली आणि शॅलॉट इनलेटचे छेद आहेत, गाळासाठी बदनाम, पण आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सचे सर्व्हे ऑनलाइन मिळतात, ताजा सर्व्हे बघून चढत्या भरतीत गेलात तर साडेपाच फूट निघतात. चढत्या भरतीत हे ठासून सांगतोय. कील (बोटीच्या तळाचा कणा) टेकली तर पाणी अजून वाढणार असतं, वीस मिनिटं धीर धरला की बोट आपोआप सुटते. तेच उतरत्या पाण्यात टेकलात, त्यातून उधाणाची भरती उतरत असेल, तर पुढची भरती तेवढी वर येईलच असं नाही. आतूनच जा असं मी इथे एका कारणासाठी म्हणेन, वाकामा नदी. सायप्रसची झाडं पाण्यात उभी, खोली भरपूर, रात्री नांगर टाकल्यावर सगळं शांत. पूर्ण पूर्व किनाऱ्यावर मला सगळ्यात आवडणारा पट्टा हाच.

आता चार्ल्सटन. तुमच्या सफरीतला मुख्य निर्णय इथला आहे. चार्ल्सटन ते फ्लोरिडाची हद्द आतून साधारण २४५ मैल, बाहेरून त्या हद्दीवरच्या सेंट मेरीज इनलेटपर्यंत साधारण १५० सागरी मैल, सहा नॉटने पंचवीस-सव्वीस तास. आतून म्हणजे जॉर्जियाचे साउंड, नागमोडी नद्या, सात ते नऊ फुटांची भरती-ओहोटी आणि लिटल मड रिव्हर, हेल गेट, जेकिल क्रीक ही गाळाची ठिकाणं. भरतीचं वेळापत्रक धरून जाता येतं, हजारो बोटी जातात, पण एका भरतीत दोन अवघड जागा बसत नाहीत म्हणून रोजचे मैल कमी होतात. बाहेरून म्हणजे एक रात्र. गल्फ स्ट्रीम इथे ६० मैलांच्याही पलीकडे असतो, किनारा आत वळलेला आहे ना, त्यामुळे प्रवाहाची भानगड नाही. आणि दोन्ही टोकांची तोंडं उत्तम, सेंट मेरीजमधून किंग्ज बेच्या तळावरच्या पाणबुड्या ये-जा करतात म्हणजे खोलीची काळजीच नको. वाटेत कंटाळलात किंवा बिघडलं काही तर पोर्ट रॉयल आणि सॅव्हाना ही दोन मोठी तोंडं आहेत. पहिली रात्र काढायची तर इथे काढा.

कधी निघायचं? कोल्ड फ्रंट येऊन गेला की वारा नैऋत्येवरून वायव्येला फिरतो, मग उत्तर, मग ईशान्य. वारा वायव्य असताना आणि त्याचा जोर उतरत असताना निघा. ईशान्य वारा लागला की समुद्र किनाऱ्यावर चढतो. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, ईशान्येचं वादळ संपून वारा पडला तरी स्वेल (लांबून येणाऱ्या फुगीर लाटा) एक-दोन दिवस राहतो, मरीनात बसून वाटतं किती छान हवा, आणि इनलेटवर मात्र ओहोटीचं पाणी दोन-तीन नॉटने बाहेर येतंय आणि समोरून स्वेल, तिथे लाटा फुटतात. त्यामुळे फोरकास्टमध्ये वाऱ्याइतकंच लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद बघा. चार फूट लाट दहा सेकंदांनी आली तर बोट आरामात वर-खाली होते, तीच पाच सेकंदांनी आली तर रात्रभर जेवण नाही, झोप नाही. निघायची वेळ पोचण्याच्या वेळेवरून उलटी मोजा, सेंट मेरीजला सकाळी उजेडात आणि भरतीच्या शेवटी. लवकर पोचलात तर बाहेर शिडं कमी करून थांबा, अंधारात अनोळखी तोंडात शिरू नका.

दोघंच आहात तर तीन-तीन तासांची पाळी लावा, कॉकपिटमध्ये असताना हार्नेस अडकवलेला हवा, दुसऱ्याला उठवल्याशिवाय डेकवर पुढे जायचं नाही हा नियम निघायच्या आधीच ठरवा. एआयएस (आसपासची जहाजं आपल्याला आणि आपली बोट त्यांना दाखवणारं यंत्र) चालू ठेवा. निघण्यापूर्वी डिझेलचे फिल्टर बदला, टाकीच्या तळाचा गाळ आतल्या शांत पाण्यात कळत नाही, समुद्राने टाकी हलवली की तो वर येतो आणि इंजिन नेमकं इनलेटवर बंद पडतं. आणि हो, हिवाळ्यात जॉर्जिया-फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर राइट व्हेल पिल्लं घालायला येतात, त्यांच्यापासून ५०० यार्ड लांब राहणं कायद्याने बंधनकारक आहे. फार थोडे उरलेत ते, दिसले तर वेग कमी करून बाजूला व्हा.

सेंट मेरीजपासून पुढे फोर्ट पियर्सपर्यंत आतून गेलात तरी चालेल, पाणी बरंच सरळ आहे आणि सेंट ऑगस्टिन थांबण्यासारखं गाव आहे. सेंट ऑगस्टिन इनलेट मात्र पहिल्यांदाच आणि स्वेल असताना नको, तिथली वाळू इतकी हलते की बोये (तरंगत्या खुणा) जागा बदलत राहतात.

विम्याचं एक बघा. हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, बऱ्याच पॉलिसींमध्ये ठराविक रेषेच्या दक्षिणेला कधी जायचं याची तारीख लिहिलेली असते. ती आधी वाचा, मगच ऑक्टोबरची तारीख पक्की करा.

प्रश्न : दादा, माझी मास्ट ६२ फूट आहे, वर अँटेना वेगळी. मी एकटीच जाते, ऑटोपायलट चांगला आहे. मायामीपर्यंत जायचंय. पुलांची भीती वाटते म्हणून सगळं बाहेरून करावं का?

उत्तर : नाही ताई. एकटीने रात्रभर बाहेर जाणं मी सुचवणार नाही, नजर ठेवणारं कोणीतरी सतत असलं पाहिजे हा समुद्रावरचा नियम आहे आणि ऑटोपायलटला डोळे नसतात. किनाऱ्याजवळ मालवाहू जहाजं, मागे दुसरी बोट ओढत नेणारे टग, मासेमारीच्या बोटी सगळं असतं. दिवसात संपणारे बाहेरचे टप्पे करा, बाकी आतून.

पुलांचं सांगायचं तर आधी मास्ट पाण्यापासून अँटेनाच्या टोकापर्यंत स्वतः मोजा, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका, टाक्या भरलेल्या-रिकाम्या असल्या की तोही बदलतो. आतले पक्के पूल सरासरी भरतीला ६५ फूट धरून बांधलेत, पण नॉर्थ कॅरोलिनातला विल्करसन ब्रिज थोडा कमी आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मोठ्या उधाणांत सगळेच पूल कमी भरतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या साउंडमध्ये तर भरती-ओहोटी जवळपास नसतेच, तिथे पाणी वाऱ्याने ढकललं जातं, म्हणून भरतीच्या तक्त्यातली वेळ बघून उपयोग नाही. पुलाच्या खांबाजवळ उंची दाखवणारी पट्टी असते, ती दुर्बिणीने वाचा, दोन फूट मोकळे नसतील तर नांगर टाकून थांबा. मायामीतला जुलिया टटल कॉजवेचा पूल मात्र ५६ फूटच आहे, त्याखालून तुम्ही कधीच जाऊ शकणार नाही. म्हणून पोर्ट एव्हरग्लेड्सला बाहेर पडायचं आणि गव्हर्नमेंट कटने मायामीत शिरायचं, छोटासा दिवसाचा टप्पा आहे. तिथे गल्फ स्ट्रीम किनाऱ्याला खेटून असतो आणि तुम्ही त्याच्या उलट जाणार, तेव्हा शक्य तेवढं किनाऱ्याजवळून जा.

प्रश्न : इंट्राकोस्टलवर लाल-हिरव्या खुणांचा गोंधळ होतो. नदीत आल्यावर लाल डावीकडे दिसायला लागले, मग नक्की काय धरायचं?

उत्तर : पिवळं धरा. इंट्राकोस्टलच्या प्रत्येक खुणेवर छोटं पिवळं चिन्ह असतं, दक्षिणेला जाताना पिवळा त्रिकोण उजवीकडे ठेवायचा आणि पिवळा चौकोन डावीकडे, खाली बोया लाल आहे की हिरवा याला महत्त्व नाही. केप फिअर नदीत उतरताना लाल बोये तुमच्या डावीकडे येतील आणि त्यांच्यावर चौकोन दिसेल, ते बरोबर आहे. साउथपोर्टपाशी नदी सोडून परत कटमध्ये वळलात की लाल पुन्हा उजवीकडे येतात, त्या वळणावर वेग कमी करा आणि पुढच्या दोन खुणांचे नंबर चार्टवर जुळल्याशिवाय आत शिरू नका.