खिडकीतली कोरफड

प्रश्न : डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कोरफड लावली आहे. रोज पाणी घालते, तरी पानं बुडाशी पिवळी, लिबलिबीत होतात. काय चुकतंय?

उत्तर : ताई, रोजचं पाणीच तिच्या जिवावर उठलंय. कोरफड पाणी पानांत साठवते. मुळं सतत ओली राहिली की कुजतात. आजच रोप उपटा, काळी पडलेली मुळं कापा आणि २-३ दिवस सावलीत सुकू द्या. मग भोक असलेल्या मातीच्या कुंडीत निम्मी माती, निम्मी जाड रेती घालून लावा. आठवडाभर पाणी नको. माझी कुंडी पूर्वेच्या खिडकीत आहे. बोट २ इंच खुपसून माती कोरडी लागली तरच मी पाणी घालते. पावसाळ्यात कधीकधी ३ आठवडे घालतच नाही. बुडाशी फुटलेली पिल्लं मात्र जपा, वेगळी लावा.