छोट्या होमबिल्ट (स्वतः बांधलेल्या) विमानाचं चाक काढायला कारचा जॅक चालतो का?

चालतो, वजनाचा प्रश्नच नाही, रिकामं टू-सीटर साधारण 300-400 किलोच भरतं, पुण्यात नाना पेठेत मिळणारा 2 टनी बॉटल जॅक पण खूप झाला. खरी भानगड तो लावायचा कुठे ही आहे. पंखाखाली किंवा बॉडीखाली अंदाजाने अजिबात लावू नका, विमानाच्या प्लॅन्समध्ये जॅक पॉइंट (जॅक लावायची जागा) दिला असेल तो बघा, नाहीतर अ‍ॅक्सलच्या खाली, ब्रेकची लाइन चेपणार नाही असा.

तुमचं स्प्रिंग लेग गियर असेल, म्हणजे चाकाचा पाय स्प्रिंगसारखा वाकणारा असेल, तर वजन उचललं की पाय आत सरकतो आणि जॅक त्याच्याबरोबर तिरका होतो, माझा असाच एकदा निसटला होता, नशीब चाक अजून लावलेलंच होतं. त्यामुळे थोडं थोडं उचला, मध्ये जॅक सरळ करा, आणि वर गेलं की खाली लाकडाचे ठोकळे रचा, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर हात घालायचा नाही.

एका वेळी एकच चाक. बाकीच्यांना पुढून मागून अडणी, घाटात एसटीला दगड लावतात तशी. काम हँगरमध्येच करा, हडपसरला मे महिन्यातल्या दुपारचा वारा माहितीये ना, उघड्यावर पंख उचलायला तेवढा पुरतो.

आणि हो, रिम दोन भागांची असेल तर बोल्ट सोडायच्या आधी हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हची पिन सुद्धा, नाहीतर रिम तोंडावर येते. ब्रेकचा कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) काढलेला असताना कॉकपिटमध्ये कोणाला बसू देऊ नका, ब्रेकचं पॅडल दाबलं की पिस्टन बाहेर.