रात्रीची बैठक आणि सकाळचा बोर्ड

प्रश्न : वय २९, साताऱ्यात वकिली करतो. सनद मिळाल्यावर तीन वर्षं सिनिअरांकडे काढली, दिवाळीनंतर स्वतःचं ऑफिस थाटलं. वजन ९६ किलो, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२ आलं. म्हणून डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा जेवतो : सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी सात, ५५ मिनिटांच्या आत. अडचण रात्रीची आहे. आठवड्यातून चार दिवस वकील मंडळी बसतात, माझे ६० मिलीचे दोन पेग होतात. व्हिस्कीत साखर नसते, म्हणून त्या दिवशी सातचं जेवण टाळून हिशेब जुळवतो. वकिलाला जाहिरात करता येत नाही, कामं ओळखीतूनच येतात. बसलो नाही तर मला कोण विचारणार? गेल्या आठवड्यात वकालतनाम्यावर सही करताना हात थरथरला, पक्षकाराने पाहिलं. डाएट, बैठक आणि वकिली, तिन्ही कसं सांभाळू?

उत्तर : तुझ्याएवढा मुलगा आहे मला, म्हणून अरेतुरे करते.

आधी त्या हाताचं बघू. हात का थरथरला हे मी सांगू शकत नाही, डॉक्टर सांगतील. साखर उतरली असेल, किंवा शरीर दारू मागायला लागलं असेल. दुसरं असेल तर एकट्याने, एका दिवसात सगळं बंद करायला जाऊ नकोस. रोजच्या सवयीच्या माणसाला त्यात फिट येऊ शकते. डॉक्टरांना पेगचा खरा आकडा सांग. वकिलापासून निम्मी हकीकत लपवणारा पक्षकार उलटतपासात कसा उघडा पडतो, ते तू तीन वर्षं पाहिलं आहेस.

आता तुझा हिशेब. व्हिस्कीत साखर नसते हे खरं, पण एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात. तुझ्या १२० मिलीत साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे २८० कॅलरी, तीन-चार फुलक्यांएवढ्या. वर चकणा. तुझ्या दोन जेवणांत हे तिसरं जेवण झालं. आणि सातचं जेवण टाळणं हे त्याहून वाईट. सकाळी साडेनऊनंतर पोटात काही नाही, अशा वेळी रक्तातली साखर टिकवायचं काम यकृत करत असतं. दारू आली की ते तिच्या मागे लागतं आणि साखर बनवणं मंदावतं. घाम, थरथर, चक्कर, सगळं त्यातून होऊ शकतं. साखर कमी करायची गोळी चालू असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून विचार. आणि बैठकीवरून तू परततोस कसा, हे पत्रात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ मी तुला शिकवायला नको. १०० मिली रक्तात अल्कोहोल ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की आरोपीच्या जागी तू उभा.

राहिला कामाचा प्रश्न, आणि माझ्या मते तुझी खरी भीती तीच आहे. मला १९८९ मध्ये सनद मिळाली. सांगलीच्या कोर्टात आम्ही मोजक्या बायका होतो. रात्रीच्या त्या बैठकीला आम्हाला कुणी कधी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तरी घरून जाऊ दिलं नसतं. तरी आमची वकिली चालली. पहिली दोन वर्षं मी साडेदहाला कोर्टात असायचे. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, लागला की तो वहीत उतरवायचा, सिनिअरांच्या प्रत्येक फाइलमधला रोजनामा, म्हणजे तारखेतारखेला काय झालं त्याची नोंद, वाचायचा. एकदा एक वकील तारखेला आलेच नाहीत. त्यांचा पक्षकार, सत्तरीचा शेतकरी, फाइलचा लाल नाडा बोटाला गुंडाळत बाकावर बसला होता. निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त जुनी, ताबा मिळत नव्हता. त्या वकिलांना फोन करून परवानगी घेतली, पुढची तारीख घेतली, आणि आज काय झालं ते त्याला मराठीत एका कागदावर लिहून दिलं. एवढंच. पुढे त्याच्या गावातून चार वाटपाचे दावे माझ्याकडे आले. तो कागद त्याने गावभर दाखवला होता.

म्हणून तू साडेपाचनंतर बार रूममध्ये अर्धा तास थांब, बिनसाखरेचा कोरा चहा घे. ज्यांच्या तारखा भिडतात ते तिथेच माणूस शोधत असतात. सात वाजता घरी जेव. रात्रीच्या बैठकीला जाऊच नकोस. तिथे जाऊन नुसता सोडा पिईन, हे पहिल्या सहा महिन्यांत कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. माझे स्वतःचे सिनिअर कागदाला फार पक्के होते. शेवटी शेवटी दुपारच्या सुट्टीनंतर त्यांची कामं आम्ही ज्युनिअर चालवायचो आणि ते गाडीत झोपलेले असायचे. ते आठवलं की मला आजही रडू येतं.

डॉक्टरांनी सवय पक्की झाली असं सांगितलं, तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुझ्यापासून लांब नाही. १९८६ पासून ती माणसं हेच काम करतात.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेललाही अर्ज कर. तीन वर्षं पुरी झाली आहेत तुझी. मानधन थोडं असतं, पण जामिनाचे अर्ज, पोटगीची प्रकरणं हातात येतात आणि न्यायाधीशांसमोर रोज उभं राहायला मिळतं. डॉक्टरांकडे मात्र अर्जाच्या आधी जा, याच आठवड्यात. काय म्हणाले ते मला कळव.