84 गुणांचं काय करायचं?

मैदानाच्या कडेवरून : वाचकांचे प्रश्न, क्रीडाशिक्षकाची उत्तरं (जून 2025)

प्रश्न : सर, नमस्कार. मी मनीषनगरला राहतो, वय 27. अकरावीत होतो तेव्हापासून इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा फॅन आहे. शनिवारी आम्ही चौघं मित्र एकाच्या गच्चीवरच्या खोलीत मॅच बघतो. त्यातला एक लिव्हरपूलवाला. यंदा त्यांनी इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमचा मॅनेजर आर्टेटा साडेपाच वर्षांपासून काय करून राहिला बे? आमचा स्लॉट आला अन् पहिल्याच वर्षी घेऊन गेला." मी खूप तणतणलो, पण नेमकं उत्तर सुचलं नाही. वरून माझा चुलतभाऊ मँचेस्टर युनायटेडवाला, तो त्यांच्या जुन्या मॅनेजरच्या, फर्ग्युसनच्या 13 लीग बोटांवर मोजून दाखवतो. मला आर्टेटा मनापासून मोठा मॅनेजर वाटतो. पण मोठा कप एकच, 2020 चा एफए कप. माझं प्रेम आंधळं आहे का? मॅनेजर चांगला की नाही, हे दुसऱ्या मॅनेजरच्या बाजूला उभं करून ठरवायचं की कसं? त्या दिवसापासून मित्राशीही धड बोलणं नाही.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि कपाटातून माझी जुनी वही काढली. मी 31 वर्षं या शहरात पी.टी. शिकवली आणि शाळेची फुटबॉल टीम सांभाळली. प्रत्येक मॅचनंतर वहीत लिहायचो : स्कोअर, कोण लवकर दमलं, गोल कुठल्या बाजूने खाल्ला. शाळांच्या सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीत एका वर्षी आम्ही सेमीफायनलला 5-0 हरलो. पुढच्या वर्षी त्याच शाळेकडून 2-0. तिसऱ्या वर्षी पुन्हा तीच शाळा समोर, 1-1, आणि पेनल्टीवर हरलो. ते पान आत्ता माझ्यासमोर आहे. पावसात लिहिलेलं, 'पेनल्टी' या शब्दाची शाई फुटून खालच्या ओळीपर्यंत उतरली आहे. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये मात्र तिन्ही वर्षांची नोंद सारखीच : 'उपांत्य फेरीत पराभूत'. ती नोंद दाखवून टीम माझ्याकडून काढून घेतली. मला ते आजही लागतं. म्हणून तुझा प्रश्न माझ्यासाठी नुसता टाइमपासचा नाही.

आता तुझ्या आर्टेटाचं रजिस्टर बाजूला ठेवू आणि वही उघडू. डिसेंबर 2019 मध्ये तो आला तेव्हा आर्सेनल दहाव्या नंबरवर होती. सीझन संपला तेव्हा 56 गुण, आठवा नंबर. पुढच्या वर्षी 61, पुन्हा आठवा. मग 69, पाचवा. मग 84, मग 89, दोन्ही वर्षी दुसरा. यंदा 74, परत दुसरा.

यातला 84 चा आकडा नीट बघ. 2022-23 मध्ये आर्सेनलला 84 गुण मिळाले आणि लीग मिळाली नाही, कारण ग्वार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीने 89 केले. यंदा स्लॉटच्या लिव्हरपूलने लीग जिंकली ती किती गुणांवर? 84. तेवढेच गुण, एक मॅनेजर चॅम्पियन आणि एक "काय करून राहिला बे". पुढच्या वर्षीचे आर्सेनलचे 89 घे. आर्सेनलच्याच जुन्या मॅनेजरने, आर्सेन वेंगरने, पहिली लीग 1998 मध्ये 78 गुणांवर जिंकली, दुसरी 2002 मध्ये 87 वर. एकही मॅच न हरता जिंकलेली 2003-04 ची ती अजिंक्य टीम 90 वर होती. म्हणजे वेंगरच्या तीनपैकी दोन चॅम्पियन टीमपेक्षा आर्टेटाचे गुण जास्त, आणि तरी सिटी 91 वर जाऊन बसली.

माझं म्हणणं एवढंच आहे की गुण मॅनेजरच्या हातात असतात, नंबर पूर्णपणे त्याच्या हातात नसतो. नंबरात समोरच्याचाही वाटा असतो. त्यामुळे आधी त्याच्या टीमला त्याच्याच कालच्या टीमशेजारी उभं कर, दुसऱ्या मॅनेजरकडे त्यानंतर बघ.

आपल्याकडचंच घे. 2024 च्या मार्चमध्ये विदर्भ रणजीची फायनल मुंबईकडून 169 धावांनी हरला. तेव्हा आपली टीम टाकाऊ होती का? पुढच्याच वर्षी जामठ्यावर सेमीफायनलला त्याच मुंबईला हरवलं आणि केरळविरुद्ध फायनल ड्रॉ ठेवून पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी आणली. मुंबईकडून हरलो त्या वर्षाच्या रजिस्टरमध्ये नुसतं 'उपविजेता' आहे.

पण पोरा, इथे थांबलो तर मी तुझी बाजू घेतल्यासारखं होईल. तुझ्या मित्राचं म्हणणं यंदापुरतं खरं आहे. ज्या सिटीमुळे दोन वर्षं लीग गेली, ती यंदा 71 वर घसरली. दार उघडं होतं. आर्सेनलने 38 पैकी 14 मॅच ड्रॉ केल्या आणि 74 वर थांबली. सुरुवातीच्या दोन महिन्यांत तीन रेड कार्ड : ब्रायटनविरुद्ध राइस, सिटीविरुद्ध ट्रोसार्ड, बोर्नमथविरुद्ध सालिबा. डिसेंबरात साका जखमी, पुढे जेझुस, मग हावर्ट्झ. मिकेल मेरिनोसारखा मधल्या फळीतला मिडफिल्डर पुढे गोल मारणारा स्ट्रायकर म्हणून खेळवावा लागला. दुखापत नशिबाची म्हणू, पण जानेवारीत खेळाडू खरेदीची खिडकी उघडी असताना स्ट्रायकर आणला नाही, हा निर्णय क्लबचा, आणि मॅनेजर त्यात आहेच. या 15 गुणांच्या घसरणीला सिटी जबाबदार नाही, लिव्हरपूलही नाही. फॅन म्हणून हे मान्य केलंस की तुझं प्रेम आंधळं राहणार नाही.

चॅम्पियन्स लीगची पॅरिसविरुद्धची सेमीफायनल मीही पाहिली. रात्री साडेबाराला उठून, एप्रिलच्या उकाड्यात कूलर बंद करून, कारण त्याच्या घरघरीत कॉमेंट्री ऐकू येत नाही. चौथ्याच मिनिटाला डेम्बेलेने गोल केला आणि नंतर आर्सेनल धडपडत राहिली, पण गोलसमोरच्या पेटीत बॉल पायाशी थांबवून मारणारा माणूसच नव्हता. रेआल माद्रिदला 3-0 आणि 2-1 ने हरवून आलेली टीम ती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

स्लॉटला मात्र कमी लेखू नकोस. आर्सेनलवाले म्हणतात, त्याला आधीच्या मॅनेजरची, क्लॉपची तयार टीम मिळाली. मिळाली, 82 गुणांची, तिसऱ्या नंबरची. आणि नवीन खेळाडू म्हणून यंदा मैदानावर आला तो एक किएझा, तोही फारसा खेळला नाही. पण तयार घर सांभाळणं सोपं असतं तर फर्ग्युसन गेल्यावर युनायटेडचं तसं झालं नसतं. 2013 ची चॅम्पियन टीम, पुढच्या वर्षी सातवी. फर्ग्युसनच्या जागी आलेल्या मोयेसला सीझन संपायच्या आत काढलं. स्लॉटने तेच काम न डगमगता केलं, याचं श्रेय मोकळ्या मनाने दे.

चुलतभावालाही एक सांग. फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये आला. पहिला कप 1990 मध्ये, पहिली लीग 1993 मध्ये. त्याच्या 13 लीग मोजताना त्या आधीची साडेसहा वर्षंही मोजावी लागतील. मात्र याचा अर्थ आर्टेटालाही तेवढी वर्षं मिळायलाच हवीत, असा तूही काढू नकोस. आज एका खेळाडूवर 10 कोटी पाउंड मोजले जातात, राइसवर मोजले. एवढा खर्च करणाऱ्या मॅनेजरला लीग मागणं हा फॅनचा हक्क आहे. माझ्या मते पुढच्या सीझनला जर स्ट्रायकर आला आणि तरी ड्रॉंचं हेच रडगाणं राहिलं, तर प्रश्न विचारायला तू पहिला उभा राहावंस.

मित्राचं म्हणशील तर, फोन करून भेट. त्याला एवढंच विचार की 2019 च्या मे महिन्यात क्लॉपचे 97 गुण होते, सिटीचे 98, लीग गेली. तेव्हा क्लॉपबद्दल तुला काय वाटलं होतं? त्या वर्षी चॅम्पियन्स लीग मिळाली, हे तो सांगेल, सांगू दे. पण ती एका गुणाची जखम लिव्हरपूलवाल्याइतकी कोणाला कळणार? तुमच्या चौघांत तुझं दुःख समजू शकणारा तोच एक आहे. सकाळी तर्री-पोह्यांवर बसा, गच्चीवर सगळ्यांसमोर नको.

प्रश्न : सर, माझा मुलगा 10 वर्षांचा आहे, कामठीत एका क्लबमध्ये फुटबॉल शिकतो. शेजारच्या मैदानावरच्या कोचने यंदा दोन शिल्ड आणल्या, आमच्या सरांनी एकही नाही. बाकीचे पालक कोच बदलायचं म्हणतात. मी काय करू?
— एक आई, कामठी

उत्तर : ताई, एक दिवस सराव सुरू व्हायच्या आधी जाऊन कडेला बसा आणि मोजा : किती मुलं, किती बॉल. 20 मुलं आणि दोनच बॉल असतील, मुलं निम्मा वेळ रांगेत उभी असतील, तर काळजी करा. शिल्ड मिळाली असती तरी करा. सगळ्यात कच्च्या मुलाकडेही लक्ष ठेवा. तासाभरात त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागला? सर त्याला नावाने हाक मारतात का? या वयात दोन दांडगी, लवकर वाढलेली पोरं पुढे ठेवली की शिल्ड येते. दोन वर्षांनी बाकीची मुलं त्यांच्याएवढी होतात आणि ज्यांना पास देता येतो तेच उरतात. कामठीत फुटबॉल पिढ्यान् पिढ्या आहे, मैदानावर चार जुनी माणसं नक्की भेटतील, त्यांनाही विचारा. तुमचा मुलगा घरी आल्यावर परत अंगणात बॉल घेऊन जात असेल, तर सर सध्या बदलू नका.

आणि पावसाळा तोंडावर आला आहे. सरावानंतर बुटांत जुन्या पेपरचे बोळे भरून ठेवत जा, सकाळपर्यंत कोरडे होतात.