पाणी गोड आहे ना, ते आधी विचारा

प्रश्न : ताई, माझा मुलगा टेक्सासला, कॉर्पस ख्रिस्टीत असतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ आलं. त्याचा 'आम्ही ठीक आहोत' असा फोन आला आणि मग मला आठवण झाली ती तिथल्या अरान्सास अभयारण्यातल्या पांढऱ्या हूपिंग क्रेनची. आदल्याच हिवाळ्यात त्यानं आम्हाला ते बोटीतून दाखवले होते. आता येत्या जानेवारीत पुन्हा जायचं चाललंय. जगात इतके थोडे उरलेले पक्षी, आणि त्यांचं हिवाळ्यातलं घर नेमकं वादळाच्या तोंडाशी! तेव्हा त्यांचं काय झालं? आणि दरवर्षी जीव टांगणीला लावण्यापेक्षा त्यांना दुसरीकडे का हलवत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, त्या रात्री तुमचे पक्षी घरी नव्हतेच. 25 ऑगस्टला हार्वी अरान्सासशेजारच्या रॉकपोर्ट गावाजवळ किनाऱ्यावर आदळलं, ताशी 215 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. तेव्हा हा थवा जवळपास चार हजार किलोमीटर उत्तरेला, कॅनडातल्या वुड बफेलोच्या दलदलीत पिल्लं वाढवत होता. ते टेक्सासला उतरायला लागतात ऑक्टोबरच्या मध्यावर. वादळांचा जोर असतो ऑगस्ट-सप्टेंबरात. थोडक्यात, भाडेकरू गावाला गेलेले असताना घराचं छप्पर उडालं.

पण छप्पर उडालेल्या घरात परत यायचं म्हणजे काय, ते मी पुढच्या जानेवारीत पाहिलं. भाचीकडे गेले होते, तिथून रॉकपोर्टला. घरांवर अजून निळ्या ताडपत्र्या. बोट खाजणाच्या कडेनं हळू चाललेली, आणि गवतात तिघं जण उभे : दोन पांढरेशुभ्र, पाच फुटी, आपल्या सारसाच्या कुळातले, आणि मध्ये एक तांबूस ठिपक्यांचं पिल्लू. आईनं (की बापानं, सांगता येत नाही) पाण्यातून निळा खेकडा उचलला, दोनदा आपटला, नांग्या तोडून बाजूला टाकल्या आणि उरलेला पिल्लापुढे ठेवला. पिल्लू नुसतं बघत राहिलं. मोठ्यानं तो पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. माझ्या शेजारचे गृहस्थ दुर्बीण डोळ्यांवरून काढेनात. मी मात्र बोटवाल्याला पक्ष्यांबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते पाण्याबद्दल.

कारण खरी गोम तिथे आहे. उधाणाचं पाणी आत घुसलं की पावसाची गोडी तळी खारट होतात. खाजणातलं पाणी मचूळ असेल तोवर हे पक्षी तिथेच पितात. पण हजार भागांत मीठ साधारण 23 भागांच्या वर गेलं, की त्यांना पिण्यासाठी उडत आतल्या गोड्या तळ्यांपर्यंत जावं लागतं. (समुद्रात ते 35 च्या आसपास असतं.) रोजची ही खेप म्हणजे खाण्याचा वेळ गेला, अंगातली चरबी गेली, आणि उघड्या रानात शिकाऱ्याची भीती वाढली. म्हणून अभयारण्यात विहिरींचं पाणी उपसून तळी भरावी लागतात.

आता एक गोष्ट सांगते, ती जरा उलटी वाटेल. हार्वीनं मीठ आणलं तसा धो धो पाऊसही आणला. ग्वादालूप आणि सॅन अँटोनिओ या नद्यांचं गोडं पाणी खाडीत उतरलं. निळ्या खेकड्याची पैदास अशाच मिसळत्या पाण्यावर होते. त्या हिवाळ्यातल्या विमानातून केलेल्या गणतीचा अंदाज 505 निघाला. आदल्या वर्षी तो 431 होता. अंदाज म्हटलं की मागंपुढं होणारच, त्यामुळे 74 पक्षी एका वर्षात वाढले असं कुणी म्हणू नये. पण वादळानं थवा बुडवला नाही, एवढं नक्की. 1941 साली याच किनाऱ्यावर जेमतेम 15-16 उरले होते, ते डोक्यात ठेवून हा आकडा वाचा.

उलट 2008-09 चा हिवाळा बघा. वादळ नाही, काही नाही. नुसता दुष्काळ, नद्यांचं पाणी वरच्या वर उपसलेलं, खेकडे कमी, झुडपांवरची लाल वुल्फबेरी कमी. 23 पक्षी गेल्याची नोंद झाली. नद्यांचं पाणी उपसू दिल्याचं हे प्रकरण कोर्टात गेलं. 2013 मध्ये खालच्या कोर्टानं पक्ष्यांच्या बाजूनं निकाल दिला, 2014 मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. मला विचाराल तर वादळापेक्षा मी या कागदपत्रांना जास्त भिते. वादळ एका रात्रीचं असतं. नदीवरचे पंप वर्षभर चालतात.

दुसरीकडे हलवण्याचं म्हणाल, तर सगळी अंडी एका टोपलीत आहेत ही तुमची भीती अगदी बरोबर आहे. लुइझियानात एक थवा बारमाही राहायचा. ऑगस्ट 1940 च्या वादळी पुरानं 13 पक्षी पांगवले, परत दिसले सहा. दहा वर्षांत तो थवा संपला. म्हणून आणखी थवे उभे करायचे प्रयत्न झाले. पांढरे झगे घातलेल्या माणसांनी पिल्लं वाढवली आणि हलक्या विमानामागून त्यांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाची वाट शिकवली. फेब्रुवारी 2007 मध्ये तिथल्या कुंपणात असलेल्या 18 पिल्लांपैकी 17 एका वादळात मेली. उघड्यावर असती तर कदाचित उडाली असती. ते आठवलं की माझ्या घशात अजून आवंढा येतो. तरी प्रयत्न थांबला नाही, थांबूही नये. लुइझियानात 2011 पासून पुन्हा पक्षी सोडलेत. पण अरान्सासचा थवा पिंजऱ्यात घालून नेता येत नाही. कॅनडा ते टेक्सासची वाट पिल्लू आईबापांच्या मागे उडूनच शिकतं. आणि जोडपं चार-पाच वर्षांचं झाल्याशिवाय सहसा घरटं घालत नाही. दोन अंड्यांतलं एकच पिल्लू बहुधा जगतं. गेलेले पक्षी पटकन भरून निघत नाहीत.

जानेवारीत जाल तेव्हा सकाळची बोट घ्या, गरम कपडे न्या. खाडीवरचा वारा फार बोचतो. पक्षी खाजणातच रमलेले दिसले तर उत्तम. उठून उंचावरच्या तळ्यांकडे जाताना दिसले, तर बोटवाल्याला विचारा, 'यंदा खाडीत मीठ किती?' तो सांगेल. त्या लोकांना तोंडपाठ असतं. आणि मला पत्र टाका. किती पिल्लं तांबूस दिसली ते मोजून लिहा.