दुखापत झालेल्या खेळाडूला प्लेऑफमध्ये किती मिनिटं खेळवावं?

बास्केटबॉलच्या या प्रश्नात पेसर्स टीमच्या हॅलिबर्टनचं नाव घेतलंत म्हणून लिहायला बसले, नाहीतर या वादात मी आता पडत नाही. एनबीए या अमेरिकन लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांमध्ये, सात मॅचची फायनल सिरीज असते; तिच्या सातव्या मॅचमध्ये त्याला कमी मिनिटं दिली असती तर तो मोठ्या दुखापतीतून वाचला असता का, असं विचारलंय. नसता. 22 जून 2025 ला तो पहिल्या क्वार्टरमध्येच अकिलिस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) तुटून पडला, जेमतेम 7 मिनिटं खेळून. 2019 च्या फायनलमध्ये गोल्डन स्टेटचा ड्युरांट महिनाभर बसून पाचव्या मॅचला उतरला आणि 12 मिनिटांत त्याचंही अकिलिस टेंडन गेलं. दोघांचीही आधी त्याच पायाची पोटरी दुखावलेली. आता यातून अजून किती मिनिटं कापणार?

फिजिओथेरपी शिकत असताना मी इथे नागपुरात एका क्लबच्या टीमसोबत असायचे. उन्हाळी स्पर्धा, त्यामुळे मॅच रात्री, तरी सिमेंटचं कोर्ट बुटातून चटके द्यायचं. सिरीजमध्ये मिळतो तसा मधला आरामाचा दिवस आपल्याकडे कुठला, रोज मॅच. सेमीफायनलला आमच्या पॉइंट गार्डची, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या पोराची, पोटरी धरली. फायनलआधी त्याला बेंचमागे नेलं, भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच उचलायला लावली. चांगला पाय मजेत चालला होता. दुखऱ्या पायावर चौथ्यालाच टाच अर्ध्यात अडकली आणि पठ्ठ्याने हळूच गुडघा वाकवून भागवलं. "काही नाही होत ताई, खेळतो न मी." वरच्या ओठावर घाम डवरलेला.

कोच सर म्हणाले, "पाचच मिनिटं पाठवतो." मी नाही म्हटलं. कॅप्टन म्हणाला, "अबे, त्यालेच विचार न, तो तयार आहे." त्याला काय विचारायचं? फायनलला कोणता पोरगा नाही म्हणतो? हॅलिबर्टननेही नंतर लिहिलंच की पुन्हा वेळ आली तर पुन्हा खेळेन. म्हणून हा निर्णय खेळाडूवर सोडायचा नाही, आणि कोचवर तर मुळीच नाही.

पोरगा बसला. आम्ही दोन पॉइंटनी हरलो.

पाय नीट जोर घेत असेल तरच मिनिटांचा हिशोब. तोही एकूण मिनिटांचा नाही. सलग किती खेळला आणि मध्ये किती वेळ थंड बसला, ते बघा. चार-पाच मिनिटांचे तुकडे पाडा, बेंचवर बसवून ठेवू नका, हाफटाइमनंतर पुन्हा वॉर्मअप घ्या. 2025 च्या त्याच फायनलच्या सहाव्या मॅचला पेसर्स भरपूर पुढे होते, म्हणून हॅलिबर्टनचं 23 मिनिटांवर भागलं. मॅच अटीतटीची झाली की ठरलेली मिनिटं कोणीच पाळत नाही.

हे सगळं पोटरीपुरतं. घोटा मुरगळला असेल तर टेप करून बरेच जण खेळतात, आणि दुखावलेल्या प्रत्येक पोटरीचं पुढे अकिलिस तुटतंच असंही नाही. एनबीएत एमआरआय आणि डॉक्टरांची फौज असते, माझ्याकडे भिंत होती.

कॅप्टन अजूनही कुणाच्या लग्नात भेटला की सुरू होतो, पाच मिनिटं दिली असती तर कप आपला होता. दादा, तो पोरगा पुढच्या वर्षी अख्खी स्पर्धा खेळला. आणि शेवटच्या क्वार्टरला फ्री थ्रो कोणी घालवले, ते स्कोअरशीटवर तुझ्या नावापुढे लिहिलेलं आहे.