कस्टम, सानुकूल आणि दस्तुरी

ऐरोलीच्या एका प्रोग्रॅमर बाईंचा प्रश्न. न्हावा-शेवा बंदरात कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटांसाठी त्या इलेक्ट्रॉनमध्ये, म्हणजे वेबच्या तंत्राने अ‍ॅप बांधायच्या चौकटीत, डेस्कटॉप अ‍ॅप करतात. विंडोज आणि मॅक दोन्हीकडच्या मेनूबारमध्ये त्यांनी 'दाखले' हा स्वतःचा मेनू घातलाय. मदतपुस्तिकेत त्याला 'कस्टम मेनू' म्हटलं, तर एजंट त्यात सीमाशुल्काची कामं शोधत बसले. मग 'सानुकूल मेनू' चालेल का?

मुळीच नाही. हा 'सानुकूल' हल्ली फोनच्या सेटिंगपासून बँकेच्या अ‍ॅपपर्यंत जिथे तिथे आडवा येतो. ग्रह सानुकूल असतात, दैव सानुकूल असतं. मेनू कधीपासून प्रसन्न व्हायला लागला? परिभाषा ठरवणारे म्हणतात, आता रुळलाय शब्द. रुळला नाही, रुळवला.

गंमत म्हणजे एजंट फारसे चुकले नाहीत. दोन्ही 'कस्टम' एकाच घरातले. लॅटिन 'कॉन्सुएतूदो', म्हणजे सवय, वहिवाट. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला. वहिवाटीने भरायचा कर तो कस्टम्स. एकाच दुकानाची पायरी वहिवाटीने चढणारा तो कस्टमर. आणि गिऱ्हाइकाच्या सांगण्याबरहुकूम केलेलं ते कस्टम-मेड. 'नेहमीचं' म्हणणारा शब्द फिरत फिरत 'नेहमीचं नव्हे ते' सांगू लागला! आपल्याकडे फारसीतला 'दस्तूर' याच वाटेने गेला. दस्तूर म्हणजे रिवाज. रिवाजाने हाती पडणारी रक्कम ती दस्तुरी. माथेरानचा दस्तुरी नाकाही यातलाच, हा माझा जुना कयास. तिथे आजही माणशी प्रवेशकर घेतात, आणखी काय हवं? 'दस्तूर' या पारशी आडनावाकडे बोट दाखवायचं असेल त्यांनी खुशाल दाखवावं, मी वादाला तयार आहे.

मेनूबारलाही वहिवाट असतेच. मॅकवर पहिला मेनू अ‍ॅपच्या नावाचा. 'दाखले' तिथे ठेवलात तर तुमचं लेबल बाजूला सारून अ‍ॅपचंच नाव झळकेल. आणि मूळ मेनू काढून आपला साचा लावताना 'एडिट' गाळलात, तर मॅकवर कमांड-सी, कमांड-व्ही मुकाट बंद पडतात. एजंट मग कंटेनर नंबर हाताने टाइप करतील आणि तुमच्या नावाने शंख करतील.

हां, शब्द. 'पदरचा मेनू' लिहा. पट्टीत पदरचं घातलंत, म्हणून पदरचा. एजंटांना तेवढंही नको, त्यांना नुसतं 'दाखले मेनू' पुरे.